मॉडेल विमानासाठी स्टँड कसा निवडावा : कोकण किनाऱ्यावरच्या नवोदितांसाठी

सुतार कामाला बसण्यापूर्वी घोडी मांडतो आणि मगच लाकडाला हात लावतो. रेडिओ नियंत्रित मॉडेल विमानाच्या कामातही हाच क्रम योग्य आहे, परंतु नवीन छंदिष्टांकडून तो बहुधा उलटा होतो. विमान, रिमोट, बॅटरी आणि चार्जर यांची खरेदी पूर्ण होते, विमानाचे धड खोक्यातून बाहेर येते, आणि ते ठेवायचे कोठे हा प्रश्न तेव्हा पडतो. मग ते पलंगावर, उशीवर किंवा दोन पाटांच्या मध्ये कसेबसे टेकवले जाते. उशीवर ठेवलेले विमान एका बाजूला कलते, त्यामुळे आडवी शेपटी पंखाला समांतर बसली आहे की नाही हे नजरेला कळत नाही; पाटाची कड फोमच्या धडात रुतते आणि तिचा वळ कायमचा राहतो.

बाजारातले बहुतेक तयार स्टँड बंद खोलीतल्या टेबलावर किंवा कापलेल्या गवताच्या सपाट मैदानावर वापरायचे, असे गृहीत धरून बनवलेले असतात. आपल्याकडे मात्र विमान उडते ते सड्यावरच्या खडबडीत कातळावर किंवा ओहोटीनंतर घट्ट झालेल्या पुळणीवर, आणि त्याची जोडणी होते ती पडवीत, जेथे पावसाळ्यात भिंतीलाही ओल सुटते. म्हणून स्टँडचे छायाचित्र पाहून किंवा दुसऱ्याचा स्टँड पाहून निर्णय घेऊ नये. आपल्या विमानाची मापे आणि आपली जागा या दोनच गोष्टींवरून तो घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी विमान मोजा

खरेदीपूर्वी वही आणि मोजपट्टी घेऊन सहा मापे लिहून काढावीत: धडाची लांबी, पंखाची टोकापासून टोकापर्यंतची लांबी, पंखाच्या पुढे आणि पंखाच्या मागे अशी दोन ठिकाणची धडाची रुंदी, धडाच्या तळापासून चाकांच्या खालच्या टोकापर्यंतचे अंतर, उभ्या शेपटीची उंची, आणि बॅटरीसह एकूण वजन. वजनासाठी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. लेखभर उदाहरणासाठी फोमचे एक शिकाऊ विमान धरू: पंख १.४ मीटर लांब आणि २१ सेंटिमीटर रुंद, धड १.१ मीटर, वजन १.२ किलो.

यानंतर गुरुत्वमध्य, म्हणजे विमान ज्या बिंदूवर समतोल राहते तो बिंदू, शोधावा. विमानासोबत आलेल्या माहितीपत्रकात तो दिलेला असतो. नेहमीच्या सरळ पंखाच्या शिकाऊ विमानात तो पंखाच्या पुढच्या कडेपासून पंखाच्या रुंदीच्या २५ ते ३० टक्के मागे, म्हणजे आपल्या उदाहरणात सुमारे ५ ते ६ सेंटिमीटरवर येतो. स्टँडला दोन आधार असतात आणि गुरुत्वमध्य त्या दोहोंच्या मध्येच पडला पाहिजे, ही स्टँड निवडण्याची पहिली आणि सर्वांत महत्त्वाची अट आहे. दोन्ही आधार त्याच्या मागे गेले तर बॅटरी बसवताच विमान नाकावर झुकते, आणि नाकावरचा पंखा (प्रोपेलर) टेबलावर आपटतो. पुढचा आधार पंखाच्या पुढच्या कडेच्या पुढे, परंतु फिरणाऱ्या पंख्यापासून किमान वीतभर मागे असावा. मागचा आधार पंखाची मागची कड संपल्यावर धडाखाली यावा. अशा विमानात दोन आधारांमधील अंतर बहुधा ३५ ते ४० सेंटिमीटर निघते. शेपटीच्या चाकाच्या विमानात मुख्य चाके पंखाच्या पुढच्या कडेजवळ असतात आणि नेमकी तेथेच आधाराला आडवी येतात, म्हणून आधाराची जागा मोजताना चाकांचे पायही त्याच वहीत टिपून ठेवावेत.

बाल्सा लाकडाच्या विमानाबाबत आणखी एक पथ्य आहे. त्याच्या धडात ठरावीक अंतरावर आडवे साचे, म्हणजे धडाला आकार देणाऱ्या लाकडी चौकटी, असतात आणि त्यांच्या मधला भाग केवळ पातळ पत्र्यासारख्या लाकडाचा किंवा ताणलेल्या फिल्मचा असतो. आधार साच्याखाली आला तर धड वर्षानुवर्षे टिकते. मधल्या भागाखाली आला तर एके दिवशी बोट आत जाते.

खाच की झोळी

आधार मुख्यतः दोन प्रकारचे असतात. एकात लाकडाच्या किंवा फोमच्या फळीत इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच कापून तिला मऊ अस्तर लावलेले असते; दुसऱ्यात दोन उभ्या खुंट्यांमध्ये पट्टा सैल बांधून झोळी केलेली असते. खाच विमानाला घट्ट धरते आणि शेपटी कोनात बसवण्यासारख्या अचूक कामाला ती चांगली, पण ती धडाला दोनच रेषांत स्पर्श करते, त्यामुळे सारे वजन त्या दोन रेषांवर येते. झोळी धडाच्या आकाराप्रमाणे वळते, गोल, चौकोनी, सरळ किंवा उलटे कसलेही धड ती तितक्याच मायेने धरते. मात्र तिच्यात विमान थोडे झुलते. ज्याच्याकडे आज एक विमान आहे आणि वर्षभरात दुसरे येणार आहे, त्याने झोळी घ्यावी. नवोदितांना मी नेहमी तीच सुचवतो.

विमान उलटे ठेवता येणे ही चैन नव्हे. पंखाचे बोल्ट, चाकांचे पाय, पोटातल्या सर्व्होंचे (शेपटीचे आणि पंखाचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरींचे) दांडे ही सारी कामे विमान उलटे करूनच होतात. उलट्या विमानाची उभी शेपटी खाली लोंबते, म्हणून मागच्या आधाराची उंची उभ्या शेपटीपेक्षा जास्त असावी, किंवा शेपटी टेबलाच्या कडेबाहेर काढता यावी. चालकाच्या खोलीचा फुगवटा दोन आधारांच्या मधल्या मोकळ्या जागेत यावा. दोन्ही स्थितींत शेपटीचे आणि पंखाचे हलणारे भाग कशालाही न लागता पूर्ण वर-खाली झाले पाहिजेत, कारण स्टँडला अडकलेल्या भागाविरुद्ध जोर लावत राहिलेली सर्व्हो तापते आणि जळतेही.

वाऱ्याचा हिशेब

शाळेच्या भूगोलात शिकलेले मतलई वारे आणि खारे वारे येथे प्रत्यक्ष कामाला येतात. हिवाळ्यात रात्री व पहाटे जमिनीकडून समुद्राकडे जाणारा मतलई वारा मंद असतो. मध्ये काही काळ हवा जवळजवळ थांबते. आणि जमीन तापू लागली की समुद्राकडून खारा वारा सुरू होतो व दुपारपर्यंत वाढत जातो. उड्डाण सकाळीच उरकावे हे सर्वजण सांगतात. परंतु सकाळी उडालेले विमान साडेदहा वाजता स्टँडवर ठेवून लोक चहाला जातात, आणि तेव्हा ते विमान वाऱ्यात उभे आहे हे विसरतात.

आपल्या उदाहरणातल्या विमानाच्या पंखाचे क्षेत्रफळ सुमारे ०.३ चौरस मीटर आहे. नाक किंचित वर असेल आणि समोरून ताशी २० किलोमीटर वेगाचा वारा येत असेल तर हा पंख साधारण अर्धा किलो उचल निर्माण करतो. वारा ताशी ३० किलोमीटर झाला की उचल एक किलोच्या आसपास जाते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. विमानाचे वजन १.२ किलो, म्हणजे स्टँडवर उरले ते जेमतेम दोनशे ग्रॅम. अशा वेळी विमान स्टँडवर ठेवलेले नसते, ते स्टँडच्या वर तरंगण्याच्या बेतात असते.

रत्नागिरीजवळच्या भाट्ये किनाऱ्यावर माझे एक विमान असेच गेले. ते मी वाऱ्याला आडवे ठेवले होते. झुळूक आली, उभ्या शेपटीवर दाब पडला आणि वातकुक्कुटाप्रमाणे विमानाने नाक वाऱ्याकडे वळवले. त्या वळणात मागचा भाग आधारावरून सुटला, विमान वाळूत पडले आणि आडव्या शेपटीची बिजागरी उखडली. बिजागरी दहा मिनिटांत चिकटवता आली. मोटरीला मात्र दोन संध्याकाळी लागल्या. या भागातल्या किनाऱ्यांच्या वाळूत इल्मेनाइटसारख्या जड, काळ्या खनिजांचे कण असतात, आणि त्यांच्यातले चुंबकाकडे ओढले जाणारे कण ब्रशलेस मोटरीतल्या शक्तिशाली चुंबकांवर मिशीसारखे उभे राहिले होते. फुंकर मारून ते हलत नाहीत. चिकटपट्टीचा बारीक सुरळी केलेला तुकडा फटीत घालून, दाबून, बाहेर काढून, पुन्हा नवा तुकडा घेऊन ते कण थोडे थोडे उचलावे लागले. पुळणीवर स्टँड हवा तो एवढ्यासाठीही, की मोटर वाळूपासून दूर राहावी.

यावरून मैदानी स्टँडचे चार निकष निघतात. विमान नाक वाऱ्याकडे आणि किंचित खाली राहील असे ठेवता यावे, त्यासाठी पुढचा आधार मागच्यापेक्षा थोडा खाली घेता आला पाहिजे. धडावरून जाणारा वेल्क्रोचा किंवा रुंद इलॅस्टिकचा पट्टा असावा आणि तो स्टँडलाच कायम जोडलेला असावा, कारण सुटा पट्टा घरी राहतो. स्टँडच्या मध्यभागी वजन टांगण्यासाठी हूक असावे. दोन लिटर पाण्याच्या दोन बाटल्या म्हणजे चार किलो वजन, आणि ते येताना ओतून टाकता येते. चौथा निकष पायांचा आहे. कातळावर चार पायांचा स्टँड नेहमी डुगडुगतो, तीन पायांचा कोठेही स्थिर बसतो. पण तेच बारीक तीन पाय पुळणीवर रुततात. जो दोन्हीकडे उडवतो त्याने तीन पायांचा स्टँड घेऊन प्रत्येक पायाखाली बसेल अशी तळहाताएवढी प्लायची चकती करून घ्यावी.

उंची

बसून काम करणाऱ्याला टेबलावर ठेवायचा, वीत-दीड वीत उंचीचा स्टँड पुरतो. मैदानावर उभ्याने काम करायचे असेल तर विमानाचे धड आपल्या कोपरापेक्षा सुमारे दहा सेंटिमीटर खाली यावे. मध्यम उंचीच्या माणसासाठी हे जमिनीपासून साधारण ९० सेंटिमीटर होते. यापेक्षा खाली असेल तर पंखाचे बोल्ट आवळताना पाठ वाकते. वर असेल तर बॅटरीच्या कप्प्यात डोकावता येत नाही.

वस्तू कशाची असावी

खाऱ्या हवेत साधे लोखंडी स्क्रू एका हंगामात गंजतात आणि त्यांचा तांबडा डाग पांढऱ्या फोमवर उतरतो, तो निघत नाही. स्टेनलेस स्टीलचेच स्क्रू आणि बोल्ट घ्यावेत. ३०४ प्रतीचे चालतात, समुद्राजवळ ३१६ प्रतीचे अधिक टिकतात. बंदराजवळ होड्यांचे सामान विकणाऱ्या दुकानात ते सुटे मिळतात. ॲल्युमिनियमच्या नळ्या हलक्या आणि चांगल्या, पण त्यांच्यात लोखंडी बोल्ट घातला तर खारट ओलीत दोन धातूंच्या सांध्यावर पांढरी भुकटी धरते आणि घडीचा सांधा अडकतो.

लाकूड घ्यायचे तर सागाच्या पट्ट्या घ्याव्यात. सुताराकडे कापातून उरलेले तुकडे स्वस्तात मिळतात. आंब्याचे लाकूड किड्याला लवकर बळी पडते, ते टाळावे. प्लायवुड असेल तर त्यावर आयएस ७१० हा मरीन प्लायचा शिक्का पाहावा आणि कापलेल्या कडांना वार्निशचे दोन हात द्यावेत, कारण ओल प्लायच्या पृष्ठभागातून नव्हे तर कडेतून शिरते.

अस्तराबाबत लोक सर्वांत जास्त चुकतात. गादीचा स्पंज मऊ वाटतो, पण तो पाणी पितो, पावसाळ्यात त्याला बुरशी येते, आणि इंधनावर चालणाऱ्या इंजिनाचे तेल त्यात मुरले की तो चिकट होतो. चटईसाठी वापरतात तो बंद छिद्रांचा ईव्हीए फोम घ्यावा. ओल्या फडक्याने पुसला की काम होते. मऊ, लवचिक पीव्हीसीची नळी किंवा रेक्झिन अस्तर म्हणून लावू नये. त्यातले मऊपणा आणणारे द्रव्य हळूहळू बाहेर येते आणि थर्माकोलसारख्या फोमला दीर्घ स्पर्शात खाते. नळाच्या कडक पीव्हीसी नळीत ते द्रव्य नसते, म्हणून तिची अडचण नाही.

घरी करण्याजोगा एक स्टँड

उदाहरणातल्या विमानासाठी टेबलावरचा स्टँड नळकामाच्या दुकानातल्या २५ मिलिमीटरच्या कडक पीव्हीसी नळीत होतो. तीन मीटरची एक नळी, सहा टी (इंग्रजी टी अक्षरासारखे तीन तोंडांचे जोड) आणि आठ टोप्या एवढे सामान लागते. नळीचे तुकडे असे कापावेत: ३८ सेंटिमीटरचा एक, २५ सेंटिमीटरचे चार, १२ सेंटिमीटरचे चार आणि १० सेंटिमीटरचे चार. हॅक्सॉने कापताना नळीभोवती कागदाची पट्टी गुंडाळून तिच्या कडेने कापावे, म्हणजे काप सरळ येतो, आणि कापलेले तोंड पॉलिशपेपरने घासावे.

एका बाजूची चौकट अशी होते. मधल्या टीच्या दोन्ही सरळ तोंडांत १० सेंटिमीटरचा एकेक तुकडा घालावा आणि त्यांच्या दुसऱ्या टोकांना एकेक टी लावावी. या बाहेरच्या दोन टींचे मधले तोंड वर येईल असे फिरवून त्यांत २५ सेंटिमीटरच्या खुंट्या उभ्या कराव्यात. त्यांच्या बाहेरच्या तोंडांत १२ सेंटिमीटरचे पाय घालावेत. पायांना आणि खुंट्यांच्या माथ्यांना टोप्या बसवाव्यात. तशीच दुसरी चौकट करावी. मधल्या दोन टींची मोकळी तोंडे एकमेकांसमोर आणून ३८ सेंटिमीटरच्या कण्याने दोन्ही चौकटी जोडाव्यात. पाया साधारण अर्धा मीटर रुंद होतो. बाहेर आलेले हे पाय बेढब दिसतात म्हणून काही जण ते गाळतात; त्यांनी तसे करू नये. पंख दोन्ही बाजूंना सत्तर सेंटिमीटर बाहेर जातो, आणि त्याच्या टोकावर हात टेकला तर अरुंद स्टँड विमानासकट उलटतो.

झोळीसाठी खाटेच्या नवारीसारखा, पण नायलॉनचा, चार-पाच सेंटिमीटर रुंद पट्टा घ्यावा. सुती नवार भिजली की वाळत नाही. प्रत्येक झोळीसाठी खुंटीपासून खुंटीपर्यंत सुमारे ३० सेंटिमीटर लांबी ठेवून पट्ट्याच्या दोन्ही टोकांना खुंटीवर घट्ट बसतील असे घर शिवून घ्यावे. ते टोपीखाली अडकते आणि निसटत नाही. खुंट्यांच्या उघड्या भागावर ईव्हीए फोमची पट्टी गुंडाळावी, कारण पंखाची मागची कड तेथेच घासते.

नळ्या चिकटवण्याचे सोल्युशन लगेच लावू नये. आधी सर्व सांधे कोरडे, केवळ दाबून बसवावेत आणि विमान ठेवून आठवडाभर काम करून पाहावे. माप पटले की चौकटींचे सांधे चिकटवावेत, कण्याचे दोन सांधे मात्र कायम कोरडे ठेवावेत. मग स्टँड तीन भागांत सुटतो आणि स्कूटरच्या पायाजागेत मावतो.

तयार किंवा दुसऱ्या कामाचा स्टँड

मैदानासाठी नवा स्टँड मागवण्यापूर्वी घरात पाहावे. भजनी मंडळे कीबोर्डसाठी वापरतात तो घडीचा, एक्स आकाराचा स्टँड उंची बदलणारा आणि स्वस्त असतो. त्याच्या दोन आडव्या दांड्यांवर फोम लावून, पट्टा बांधून, सपाट तळाचे विमान उत्तम राहते. गोल तळाच्या विमानाला तो चालणार नाही, ते दांड्यांवरून लोळते. तयार स्टँड दुकानात पाहायला मिळाला तर घडीचा सांधा उघडून बाजूला ढकलून पाहावा. रिकामा असतानाच जो हलतो तो विमान ठेवल्यावर स्थिर होणार नाही. पुढच्या आणि मागच्या आधारातले अंतर बदलता येते का, हे विचारावे. येत नसेल तर आपल्या वहीतल्या मापाशी जुळल्याखेरीज तो घेऊ नये.

विमान ठेवण्यापूर्वीची परीक्षा

विमानाच्या दुप्पट वजन, म्हणजे आपल्या उदाहरणात अडीच किलो तांदळाची पिशवी, दोन्ही झोळ्यांवर आडवी ठेवून स्टँड दहा मिनिटे तसाच राहू द्यावा आणि मग चारही बाजूंनी हलवून पाहावा. सांधा सरकला तर तो आत्ताच सरकू द्यावा. त्यानंतर बॅटरी न जोडता विमान ठेवावे, पंखाचे एक टोक बोटाने हलके दाबावे, दुसऱ्या बाजूचा पाय उचलला जातो का ते पाहावे. जात असेल तर पायांत कोरडी वाळू भरून टोप्या लावाव्यात. हीच परीक्षा विमान उलटे ठेवून पुन्हा करावी.

एक गोष्ट येथे निक्षून सांगितली पाहिजे. असा स्टँड विमान पेलतो; सुरू मोटर रोखणे हे त्याचे काम नाही. या आकाराच्या मोटरीची ओढ विमानाच्या वजनाच्या जवळपास जाते, तेव्हा रिमोटच्या एका चुकीच्या धक्क्याने विमान झोळीतून पुढे झेप घेते. टेबलावर सर्व्हो आणि रिमोट जुळवताना पंखा काढूनच ठेवावा. मैदानावर बॅटरी जोडल्या क्षणापासून पंखा फिरणारच असे समजून हात, चेहरा आणि शेजारी उभी असलेली मुले त्याच्या समोरून आणि बाजूच्या रेषेतून दूर ठेवावीत. मोटर पूर्ण वेगाने तपासायची असेल तर विमान जमिनीवर घ्यावे आणि दुसऱ्या माणसाने ते मागून घट्ट धरावे.

पुळणीवरून परतल्यावर स्टँड विहिरीच्या किंवा नळाच्या गोड्या पाण्याने धुवावा, सांधे सोडून आतली वाळू काढावी आणि सावलीत वाळवावा; पीव्हीसी वर्षानुवर्षे उन्हात राहिली की ठिसूळ होते, म्हणून तो खळ्यात पडू देऊ नये. जूनपासून सप्टेंबरपर्यंत उड्डाण जवळजवळ बंदच असते, तेव्हा झोळ्या काढून, धुऊन, वाळवून डब्यात ठेवाव्यात आणि चौकटी पडवीच्या वाशाला टांगाव्यात, जमिनीच्या ओलीपासून दूर. पावसाळ्यात विमानाची दुरुस्ती चालूच असेल तर अर्थात स्टँड टेबलावरच राहील. तेव्हा दर आठवड्याला विमान उचलून अस्तराखाली बोट फिरवून पाहावे, कारण बुरशी प्रथम तेथेच धरते.